मामाच्या पोरीवरचा हक्क

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. इंग्रजांच्या राज्यात शहापुरात आम्हा विणकरांत असंच चालायचं. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. मामानं बाहेर सोयरीक केली तर बहीण जन्मभर त्याच्या दारात पाय ठेवायची नाही. मला तर बरंच वाटलं होतं. आत्याचा ओरडा लहानपणापासून अंगवळणी पडलेला, नवीन काय सोसायचं होतं?

थोरला झाला, त्याची झोळी मागाशेजारीच टांगली. दिवसभर धोट्याचा खटखटाट आणि हा आपला गाढ झोपलेला. आत्या गल्लीभर सांगत सुटायची, "विणकराचं बेणं हाय ते. मागाबिगर झोप न्हाय त्याला." मीही फुगायचे. बोलायचं वय उलटलं तरी तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या पाठीमागं पितळी तांब्या आपटला. पोरगं वळलं नाही.

धाकटाही तसाच निघाला. मधली मुलगी तेवढी मागाच्या आवाजानं दचकून रडायची, आणि आत्या तिलाच किरकिरी म्हणायची.

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "नात्यात लग्नं करत गेलात की होतं असं. निदान पोरगी तरी बाहेर द्या." मी मनाशी खूणगाठ बांधली. आत्यानं मात्र विचारलं, "मीबी माझ्या आत्याच्याच घरात आलते. माझी पोरं धडधाकट न्हाईत व्हय?" होती की.

पोरगी लग्नाची झाली तशी नणंदेनं आपल्या मुलासाठी मागणी घातली. मी नवऱ्याच्या मागं लागून आधी निपाणीच्या पाहुण्यांना बोलावलं. उप्पीट खाल्लं, चहा झाला, पोरगी पसंत पडली. तेवढ्यात थोरला मागावरून उठून आला, सगळ्यांच्या पाया पडला आणि हातवारे करत, घशातल्या आवाजात बहिणीचं कौतुक सांगायला लागला. पाहुणीनं मला विचारलं, "दुसरापण असाच व्हय?" मी हो म्हणून मान हलवली. निपाणीहून निरोप आलाच नाही. पुढंही जो आला तो पोरांना बघून गेला. डोकं फिरायचं माझं. ज्यासाठी तिला बाहेर द्यायची, त्याचपायी बाहेरचं कुणी घेईना.

मग नणंद नारळ घेऊन आली. "वैनी, दुसरं कोण करणार हाय तिला? मी तरी नावं ठेवीन व्हय?" तिच्या बोलण्यात खोट नव्हती, मायाच होती. त्याचाच मला लई राग आला.

पोरीला स्वयंपाकघरात नेलं. डॉक्टरचं बोलणं तिला सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. म्हटलं, "नको म्हण. मी बघते काय व्हायचं ते."

ती मागावरच्या भावांकडं बघत म्हणाली,

"आई, तुमच्या माघारी ह्या दोघांना कोण बघंल? आत्या माझी सासू झाली तर ह्यांना घरात घेईल. दुसरं कोण घेणार न्हाय."

मी बाहेर आले आणि नारळ पदरात घेतला.