दुसऱ्या गिअरवरचा हात

हैबतीची शेवरलेट पाहिली नाही असा माणूस पोलादपुरात शोधून सापडला नसता. मुंबईच्या एका गॅरेजात कामाला असताना त्यानं ती भंगारातून उचलली आणि सुट्टीच्या दिवशी खपून खपून उभी केली. पत्रा ठोकला, गाद्या नव्या शिवल्या, काळ्या रंगावर असं पॉलिश चढवलं की बाया तिच्यात बघून कुंकू नीट करत. सदतीस सालची अमेरिकन गाडी, सहा सिलिंडरांची. गावी आणून तो ती महाड-पोलादपूर भाड्यानं चालवू लागला.

तिला एकच खोड होती. उतारावर दुसरा गिअर आपोआप सुटायचा. आतले दात झिजले होते, आणि परदेशी माल येणं बंद झाल्यापासून नवे मिळेनात. त्यानं गिअरचा दांडा दोरीनं बांधून पाहिला. पण वळणावर गिअर बदलायचा तर दोरी सोडायला वेळ कुठला? शेवटी बायको रखमाच शेजारी बसू लागली. उतार आला की उजव्या हातानं दांडा दाबून धरायची.

"हैबतीला बायकोबिगर गाडी हाकता येत नाय," लोक चिडवत. हैबती हसण्यावारी नेई.

मग रखमाचं मनगट सुजलं. सकाळी पाण्याचा तांब्या उचलेना. तेव्हा त्यानं गाडी विकायला काढली. मात्र ती पुन्हा भंगारात जाता कामा नये, गाडी म्हणून रस्त्यावर धावली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. गिऱ्हाईकं येत, मागचे दिवे बघत, टायरला लाथ मारत आणि चहा पिऊन जात. पुढं कुणीच विचारीना. मग कापडे गावचे सयाजीराव म्हणाले, "घाटात चालवून दाव, मग बोलू."

"त्यांना दांड्याचं सांगितलंत का?" निघताना रखमानं विचारलं.

"सांगंन. आधी गाडी तर आवडू दे."

सयाजीराव मागं ऐसपैस बसले. चढ गाडीनं झकास घेतला. वर जाऊन हैबतीनं गाडी वळवली, आणि उतार लागताच रखमानं पदराखालून दांडा धरला. मागून काही दिसत नव्हतं.

"वयनींना बी हवा खायला आनलंस जनू," सयाजीराव हसले. "पन गाडी लोन्यावानी हाय रे! घेतली समज. मैनेची वरात हिच्यातनंच न्यायची. पोरगी घाटापल्याड दिलीय ना. भाचा मुरारी चालवील, मुंबईत ट्रकवर असतो त्यो."

हैबतीच्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं. गाडी धावणार होती. तीही वरातीत, फुलांच्या माळा घालून.

"मुरारीच्या बाजूला कोन बसंल?" रखमानं विचारलं.

"नवरानवरी मागं. पुढं तिचा धाकटा भाव."

रखमानं नवऱ्याकडं पाहिलं. तो समोर रस्त्याकडं बघत राहिला. तिनं थोडी वाट पाहिली. पुढचा रस्ता सरळ आहे, डाव्या हाताला डोंगर आहे, हे बघितलं आणि दांड्यावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

खाडकन गिअर सुटला. गाडी सैल होऊन उताराला धावली. हैबतीनं ब्रेकवर सारा भार दिला, हँडब्रेक ओढला. गाडी डोंगराकडच्या गटारात एक चाक घालून थांबली. जळक्या ब्रेकचा वास सुटला.

"ह्ये काय झालं?" मागून सयाजीराव ओरडले.

मग रखमा म्हणाली, "भावजी, ह्यो दांडा मीच धरून असते."

सयाजीराव खाली उतरले. "माझी पोर बसनार व्हती ह्यात, हैबती," एवढंच म्हणाले आणि पायीच उतरू लागले.

चाक गटारातून काढून गाडी खाली न्यायची होतीच. रखमानं सुजला हात पुन्हा दांड्यावर ठेवला.

गोष्ट महाडपर्यंत गेली. त्यानंतर गाडीला कुणी विचारलं नाही. दिवाळीनंतर सयाजीरावांचाच निरोप आला: भात भरडायच्या गिरणीला इंजिन पाहिजे, नुसतं इंजिन. हैबतीनं आपल्याच हातांनी ते उतरवलं. उरलेली गाडी गोठ्याच्या कडेला दगडांवर बसली.

कापड्याला इंजिन बसवायलाही त्यालाच जावं लागलं. पट्टा चढवला, सुरू केलं. सहाही सिलिंडर एका ठोक्यात बोलू लागले. इंजिनात कधी खोट नव्हतीच. भाताची पोती घेऊन आलेली माणसं खूश झाली.

लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आलेली मैना चहा घेऊन आली. हातावरची हळद अजून उतरली नव्हती. "काका, माझ्या वरातीला तुमची गाडी येनार व्हती म्हनं. मग मला बैलगाडीतूनच का धाडलं?"

हैबतीनं कप घेतला. गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवून तो पट्ट्याकडं बघत राहिला.

घरी रखमा मनगटाला तेल चोळत बसली होती.

"चाललं का?" तिनं विचारलं.

"चाललं."

त्यानं तेलाची वाटी आपल्याकडं ओढली आणि तिचा हात हातात घेतला. मनगट अजूनही आगीसारखं तापलेलं होतं.