आधी गाडी बाहेर

फटाका हे नाव तिला वेधशाळेच्या कंट्रोल रूममधल्या मंडळींनी ठेवलं होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण तिच्या वाट्याला आलेलं कामच असं होतं की शांत डोक्याचा माणूसही पिसाळला असता. आकाशातून कधी कधी रेडिओची एक चमक येते. पापणी लवायच्या आत संपते. कुठल्या दूरच्या दीर्घिकेत काय फुटलं, काय आदळलं, कुणालाच धड माहीत नाही. मोठ्या दुर्बिणीने ती टिपली की संगणक घंटा देतो, ही पडद्यावरचं चित्र बघते, आणि चमक खरी वाटली तर बटण दाबून बाकीच्या दुर्बिणींना लगेच हाक द्यायची: तिकडे वळा, मागे काही धुगधुगी उरली असेल तर पकडा. उशीर झाला की संपलं. मग नुसतं हात चोळत बसायचं.

एकदा तिने अशी हाक दिली आणि तिचं हसं झालं. ती चमक आकाशातली नव्हतीच, खालच्या कँटीनमधल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची होती. कुणा भुकेल्या विद्वानाने तो बंद व्हायची वाट न बघता दार उघडलं, आणि दुर्बिणीला वाटलं विश्व हादरलं. तोवर ठिकठिकाणचे लोक हातातली कामं टाकून वळले होते. पलीकडच्या वेधशाळेतल्या एका खवट म्हाताऱ्याने फोनवर तिची बिनपाण्याने केली. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीच्या पाठीला ओव्हनचं चित्र चिकटवलेलं होतं. साहेबांनी नियम काढला: यापुढे माझ्या परवानगीशिवाय हाक जाणार नाही.

त्यानंतर एका दुपारी घंटा झाली तेव्हा साहेब पाहुण्यांबरोबर मीटिंगमध्ये होते. चित्र बघून तिच्या अंगावर काटा आला. उंच पट्टीतल्या लहरी आधी, खालच्या पट्टीतल्या मागून रेंगाळत. चमक जितकी लांबून येते तितकं हे रेंगाळणं वाढतं, आणि इथे ते इतकं लांबलेलं की आपल्या आकाशगंगेत एवढं अंतरच बसत नाही. ओव्हन तर कधीच भंगारात गेला होता. तिने साहेबांना फोन लावला, बंद. धावत गेली, तर दारात त्यांचा सेक्रेटरी हात आडवा करून उभा.

“कुणालाही आत सोडायचं नाही, साहेबांनी बजावलंय.”

“अहो, तुमचा चहा होईपर्यंत आकाश थांबणार आहे का?”

“पाहुणे आहेत, मॅडम. समजून घ्या.”

साहेब रुमालाने तोंड पुसत बाहेर आले तोवर सगळं उरकलं होतं. चित्र बघून म्हणाले, “वाटतंय खरं. पण घाई नको. उद्या सगळे बसून ठरवू.” दुसऱ्या दिवशी सगळे बसले आणि चमक खरी असल्याचं ठरलं. ती कुठल्या दीर्घिकेतून आली ते मात्र कळायचा मार्ग उरला नव्हता. तरी साहेबांनी केक मागवला. “आपण पकडलेली चमक,” असं भाषणात म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पकडली? हातातली घालवली, आणि वर केक कापता? तिने प्लेट टेबलावर आपटली आणि सरळ घर गाठलं.

घरी बाबांसमोर तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. बाबांनी उभा जन्म आगीच्या बंबावर ड्रायव्हरकी केली होती.

“तुमच्याकडे घंटा वाजल्यावर कुणाची परवानगी लागायची, बाबा?”

“छे! आधी गाडी बाहेर, मग चौकशी. टवाळ पोरांनी कितीदा फसवलं आम्हाला. जायचो, शिव्या घालत परत यायचो. म्हणून पुढच्या वेळी कुणी बसून राहिलं नाही.”

“बघा! आणि हा माणूस...”

“त्याचं राहू दे. बटण कुणाच्या हाताशी होतं?”

“माझ्या.”

“कुलूप होतं त्याला?”

“नव्हतं.”

“मग?”

“मग काय? नियम होता ना!” ती ओरडली.

ओरडली खरी, पण ते तिचं तिलाच पटेना. कारण नियम आडवा आलाच नव्हता. चित्र बघताक्षणी तिचं बोट बटणाकडे गेलं होतं, तेवढ्यात खुर्चीवरचा तो ओव्हन आठवला. लोक पुन्हा हसतील, म्हणून ती परवानगी शोधत धावली होती. साहेबांना घातलेल्या शिव्यांतल्या निम्म्या तिच्या स्वतःच्या नावच्या होत्या.

पुढची घंटा झाली तेव्हा साहेब नव्या पाहुण्यांना कंट्रोल रूम दाखवत होते. चित्र खरं वाटत होतं.

“थांबा मॅडम, आधी मला बघू...”

तिने बटण दाबलं.

“माझ्यासमोर?” साहेब लालबुंद झाले.

“तुमच्यासमोरच. नाहीतर चोरून दाबलं म्हणाला असतात.”

चमक खोटी निघाली. पाहुण्यांच्याच गाडीतल्या कसल्याशा यंत्राने नेमकी तशी रेघ उमटवली होती. साहेब सगळ्यांदेखत तिला ताडताड बोलले, उद्यापासून येऊ नका इथपर्यंत गेले. ती दातओठ खात ऐकत होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून तोच खवट म्हातारा.

“पुन्हा तुम्हीच?”

“हो, मीच.”

“पुन्हा ओव्हन?”

“नाही. या वेळी गाडी.”

“माझं आजचं काम मातीत गेलं, कळतंय का?”

“कळतंय. बोला काय बोलायचं ते.”

तो बोलला. पोटभर बोलला. मग दम खाऊन म्हणाला, “आणि मधली ती, तुम्ही नंतर जाहीर केलेली चमक? ती खरी होती ना? तेव्हा का नाही बोलावलंत? मी इथेच बसलो होतो!”

साहेब समोरच उभे होते. परवानगी नव्हती, हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिने ते गिळले.

“घाबरले होते.”

“कुणाला?”

“तुम्हाला. तुमच्या शिव्यांना.”



“शिव्या पुढच्या वेळीही घालीन,” म्हातारा गुरगुरला.

“घाला. पण वळा.”

“वळतो,” तो म्हणाला आणि त्याने फोन आपटला.