एकाच पत्त्यावरच्या मुली

पडद्यावर चक्र फिरत होतं आणि सारिका हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. नर्सिंगची प्रवेश परीक्षा चालू होती. आमच्या वसतिगृहाच्या संगणक कक्षात सगळ्याच मुलींचे पडदे असे अडले होते. कक्ष माझ्या जबाबदारीचा, म्हणून मी परीक्षा घेणाऱ्यांना फोन लावला.

"तुमच्याकडून हल्ला होतोय," तिथले साहेब म्हणाले. "एका इंटरनेट पत्त्यावरून मर्यादेपेक्षा जास्त पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, आले की आमच्या सर्व्हरची राखण करणारी लिनक्स फायरवॉल जास्तीचे फेकून देते."

"अहो, आमचा राउटर सगळ्या मुलींना एकाच पत्त्याने बाहेर पाठवतो. वसतिगृहांत असंच असतं."

"ते मला माहीत आहे."

माझ्या अंगाची आग झाली. माहीत असूनही त्याने प्रत्येक पत्त्याची मर्यादा एका माणसापुरतीच ठेवली होती. घरी स्वतःचं कनेक्शन असणाऱ्यांना तो माणूस म्हणून मोजत होता. आमच्या मुली त्याच्या लेखी नुसती गर्दी होत्या, आणि गर्दीची भीती वाटली की दार लावून घ्यायचं, एवढंच त्याला येत होतं.

मी भांडले. शेवटी त्याने आमच्यापुरती मर्यादा वाढवली. त्याला मिनिटही लागलं नाही.

"झालं ना? उगाच आवाज चढवता," तो म्हणाला.

पडदे हलले तेव्हा वेळ संपत आली होती. फेरपरीक्षा कुणालाच मिळाली नाही.

सारिकाचे वडील तिला गावी न्यायला आले. "नापास झाली का हो, मॅडम?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तिला परीक्षा देऊच दिली नाही."