कच्च्या रोडग्यांची गोष्ट

देव ऐकतो की नाही, याची गेल्या वर्षी मला खरोखर शंका आली होती. ह्यांना लकव्याचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली ती गेलीच. रेल्वेत जन्म काढलेला हा माणूस. दुसऱ्याची चूक दिसली की गप्प बसणं ठाऊक नाही. मी काही सांगू लागले की मध्येच तोडायचे, "तसं नाही, असं झालं होतं." संसारभर मी त्यावर चिडले. आता माझी वाक्यं पूर्ण होत होती, कोणी अडवत नव्हतं, आणि घर खायला उठत होतं. डॉक्टर म्हणाले, बोलतील, पण कधी ते सांगता येत नाही. मी दत्तासमोर दिवा लावायची, पण रागानं त्याच्याकडे बघायची नाही.

त्यातच ब्राह्मणपारा या आमच्या जुन्या वस्तीतल्या भजनी मंडळानं ठरवलं, दर गुरुवारी आरतीनंतर एका घरानं आपली गोष्ट सांगायची: रायपूरला कसे आलो, कसे रुजलो. माणसं विखुरली होती, कोणी पंडरीत, कोणी नव्या रायपुरात. एकमेकांची विचारपूसही राहिली नव्हती. घरोघरी जाऊन लोकांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. तरी गेले. लोक भरभरून बोलायचे, पोरंसोरं हिंदीतून आजोबांच्या गमती सांगायची. घरी येऊन मी ते सगळं ह्यांना ऐकवायची. ते नुसते बघत राहायचे.

एका गुरुवारी आमच्या जुन्या शेजारीण विमलताईंची पाळी होती. मंडळाचा नियम असा, की सांगणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही, फक्त होकाराचं "हव, हव" म्हणायचं. ह्यांना मी मागे भिंतीला टेकवून बसवलं होतं. नवीन बिऱ्हाडं असताना आम्ही अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले होते, ती गोष्ट विमलताई सांगत होत्या. "भाऊजी राखणीला बसले होते, अन् सारे रोडगे जळून गेले."

"नाही." मागून जड, अडखळता आवाज आला. "जळले नाही. कच्चे... होते."

सगळे वळले. मी वळले नाही. वळले तर तो आवाज थांबेल, अशी भीती वाटली. विमलताईंचे डोळे भरून आले, पण बाई धीराची. "हव भाऊजी, कच्चेच होते. काहून बरं? तुम्हीच सांगा."

"भूक," हे म्हणाले. "लवकर... काढले."

मंडळी हसतही होती, डोळेही पुसत होती. नंतर मी विमलताईंना विचारलं, मुद्दाम चुकलात का?

"मले काय मालूम, बाई. मी कच्चेच म्हणणार होती, तोंडातून जळले निघालं."

खाण्यापिण्याच्या बाबतीत ही बाई कधी चुकल्याचं मला आठवत नाही. पण मी त्यावर फार डोकं चालवत नाही. ह्यांनी निदान मला नावानं हाक मारावी, एवढंच मी दत्ताकडे मागत होते. त्यानं दिलं ते वेगळंच. आता मी फक्त ताट पुढे करते. काय वाढायचं ते वाढणाऱ्यानं ठरवावं.

हे अजून अडखळतच बोलतात. पण मंडळातली माणसं आता आमच्याकडे येतात, ह्यांच्याजवळ बसतात, शब्द सापडेपर्यंत थांबतात. या सगळ्यांचे उपकार मी कुठे फेडू? परवा आमच्या घराची पाळी होती. मी सांगायला बसले आणि पहिल्याच वाक्याला ह्यांनी हात वर केला. "तसं नाही."

मी थांबले. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी गप्प बसले नव्हते.