सोमवारचं प्रात्यक्षिक

भोंगवलीला ट्रॅक्टरचं प्रात्यक्षिक होतं! शेतकी कॉलेजचे प्रोफेसर, ट्रॅक्टर कंपनीचे साहेब आणि त्यांच्यासोबत आम्ही विद्यार्थी. वार मुद्दाम सोमवारचा धरलेला, कारण त्या दिवशी इकडं बैलांना जुंपत नाहीत आणि गाव मोकळं असतं.

त्या गर्दीत एकच माणूस बैलजोडी घेऊन आलेला. लोकांची रानं नांगरून तो पोट भरायचा.

"बैलं कशाला आणली रं? सोयरीक जमवतूस व्हय ट्रॅक्टरसंगं?" कुणीतरी ओरडलं.

"त्यास्नीबी बगू दे की," तो हसून म्हणाला. इंजिन धडधडलं तसे बैल बुजले. त्यानं पटकन खांद्यावरच्या पंच्यानं एकाचे आणि हातानं दुसऱ्याचे डोळे झाकले. मग मला विचारलं, "दादा, ह्याला सुट्टी कंच्या वारी?"

"यंत्राला कसली सुट्टी!" मी जोरात म्हणालो.

तेवढ्यात पाटील पुढं आले. त्यांचंच रान तो दरसाल नांगरायचा. "म्या ट्रॅक्टर घेतोय," ते त्याला म्हणाले, "औंदा तू येऊ नगंस."

"जी," एवढंच तो बोलला.

गर्दी पांगल्यावर तो ट्रॅक्टरच्या नांगरानं पाडलेल्या नव्या तासात उकिडवा बसला. कोपरापर्यंत हात घालून त्यानं खालची माती वर काढली, बोटांनी चुरली.

"चांगलं नांगरलंय, दादा," तो म्हणाला.

त्यानं नावं ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं.