जुन्या गावठाणातलं एक मिनिट

आमच्या घरी देवापुढचं निरांजनसुद्धा फक्त लाइट गेल्यावर आठवतं, एवढं सांगितलं तरी पुरे. भुतंखेतं, भास, संकेत... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ विचारायचे, "झोप पूर्ण होतेय ना?" आता नाही विचारत.

मी साउंड एडिटर आहे. सदाशिव पेठेत, खाली झेरॉक्सवाला आणि वर स्पर्धा परीक्षेचा क्लास, यांच्या मधे माझा दोन खोल्यांचा स्टुडिओ. मराठवाड्यातल्या त्या मोठ्या भूकंपावरची सहा भागांची डॉक्युमेंट्री सिरीज गेल्या वर्षी माझ्याकडे आली. गावं पुन्हा कशी वसली, माणसं काय विसरली, काय विसरू शकली नाहीत, असा विषय.

तिसरा भाग सोपानकाकांचा. वय सत्तरीच्या पुढे, राहायला वारज्यात, पुतण्याकडे. भूकंपाच्या रात्री ते शेतावर राखणीला होते. घरात बायको आणि पाच वर्षांची मुलगी... दगडामातीच्या जाड भिंतींखाली दोघी गेल्या. मुलाखतीत ते म्हणतात, "झोपेतच गेल्या. त्यांना काई कळलंच नसंल." हे वाक्य त्यांनी चार वेळा म्हटलं होतं. मी एकदाच ठेवलं.

आता आमच्या कामातली एक पद्धत. शूटिंग झालं की रेकॉर्डिस्ट सगळ्यांना गप्प करतो आणि त्या जागेची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करतो. दोन वाक्यांच्या मधे ती भरावी लागते, नाहीतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. काकांचं घर जिथे होतं तिथे, जुन्या गावठाणात, आमच्या रेकॉर्डिस्टने, इम्रानने, अशी शांतता घेतली होती. मी हेडफोन लावले. वारा, लांबवर घुमणारा एक होला... आणि खट्. खट् खट्. लोखंडी कडी लाकडी दारावर आपटावी तसा आवाज. चव्वेचाळिसाव्या सेकंदाला थांबला.

इम्रानला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, तिथे दार कुठून येणार? गवत आणि बाभळी आहेत नुसत्या. मी कान लावून होतो, काही नव्हतं."

"मग कान तपासून घे," मी म्हणाले, आणि ते सगळे आवाज एकेक करून साफ केले. आमचा धंदाच तो.

ज्याची गोष्ट, त्याला भाग आधी दाखवायचा, असा आमच्या दिग्दर्शकाचा नियम. काकांना भाग दाखवायच्या दिवशी तो स्वतः दुसरीकडे शूटिंगला गेला होता. दुपारी साडेतीनला, म्हणजे पेठेत बेल वाजवणं हा गुन्हा असतो अशा वेळी, पुतण्या महेश काकांना स्कूटरवर घेऊन आला. काका खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी गुडघ्यावर.

गावठाणाचा शॉट आला. तिथे कोणीच बोलत नाही, फक्त मी साफ केलेली शांतता आहे. आणि स्पीकरमधून... खट्. खट् खट्.

मी आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरकडे पाहिलं. त्या खट्खट्ला काटा हलत नव्हता. महेश मोबाइल बघत होता. काका हळूच म्हणाले, "कडी वाजायली."

आणि मी बोलून गेले, "तुम्हालाही ऐकू येतंय?"

काकांनी मान वळवली. "म्हंजे... तुमाला आयकू आली?"

"काका, परत तेच?" महेश म्हणाला. "अहो ताई, त्यांना कानाचा त्रास आहे. कित्येक वर्षं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय."

"तू गप ऱ्हा." काका माझ्याकडेच बघत होते. "मी भायेरून कडी लावून गेलतो, ताई. लेकरू माझ्या मागं अंधारात यायचं, म्हणून. समदे म्हणले, झोपेतच गेल्या. मला कडी आयकू यायची, तर डॉक्टर म्हणला, भास हाय. त्याच्यावरच जगलो बगा मी."

"नाही काका, मशीनचा आवाज असेल... माझी चूक झाली," असं काहीतरी मी बरळले. त्यांनी मान डोलावली, लहान मुलाचं थापा मारणं ऐकून घ्यावं तशी. टोपी घातली आणि गेले. दार उघडंच ठेवून.

ते गेल्यावर मी इम्रानची मूळ फाइल लावली. वारा, होला. बास. त्यात काहीच नव्हतं. आजही कुठल्याच कॉपीत नाही. भाग दाखवला गेला, तेव्हा "शांतता काय सुंदर वापरलीये!" असे मेसेज आले.

महिन्याभरात महेशचा फोन. काकांनी फ्लॅटमधल्या सगळ्या कड्या स्क्रूड्रायव्हरने काढल्या होत्या, अगदी बाथरूमचीसुद्धा. जेवण जवळपास सुटलं होतं. दुसरा फोन आला तो ते गेल्याचाच. "शेवटपर्यंत एकच विचारत होते," महेश म्हणाला, "ताईंनी कडी किती वेळ ऐकली?"

मला माहीत होतं. मी नाही सांगितलं.

तो आवाज कुठून आला, मीटर का हलला नाही, महेशला का ऐकू आला नाही... मला यातलं काहीही सांगता येत नाही. एवढंच कळतं की त्या दुपारी मी नुसतं "कडी? कुठे काय?" म्हटलं असतं, तर काका आज वारज्यात चहा पीत बसले असते.