काविळीची माळ
कळंबची मुक्ताबाई कुणाची भीड ठेवणारी बाई नव्हे. तिचा एकुलता संभाजी दर महिन्याला बारामतीच्या दवाखान्यातून गोळ्या आणायचा आणि "पित्ताच्या हायत, आये," म्हणायचा. एचआयव्हीचं नाव आईपुढं काढायला त्याची जीभच रेटली नाही.

मग डॉक्टरांनी गोळी बदलली आणि त्याचे डोळे पिवळे झाले. "नव्या गोळीनं होतंय," तो म्हणाला.

"कसली गोळी हाय, सांग की!" मुक्ताबाई कडाडली. "पित्ताचीच, आये," तो म्हणाला. तिनं गोळ्या चुलीत घातल्या, पुन्हा आणू दिल्या नाहीत आणि बावड्याहून काविळीची माळ आणून त्याच्या डोक्यावर ठेवली. माळ लांबत लांबत गळ्यात उतरली, डोळेही पांढरे झाले. कावीळ उतरली म्हणून तिनं गल्लीभर साखर वाटली.

सहा महिन्यांत ताप-खोकल्यानं संभाजी अंथरुणाला खिळला. तेव्हा कुठं त्यानं आईला आजाराचं नाव सांगितलं. आठवड्यात तो गेला.

दवाखान्यातल्या करुणाताई भेटायला आल्या. "विषाणू वाढायला जी कात्री वापरतो, ती बोथट करणारी गोळी होती ती, आजी. तिनं डोळे पिवळे होतात, पण ती कावीळ नव्हे, धोका नसतो. त्याचे डोळे पिवळे दिसले की आम्हाला बरं वाटायचं, गोळी पोटात जातेय म्हणून."

मुक्ताबाईनं खुंटीवरची वाळकी माळ खाली काढली.

"डोळं पांढरं झालं," ती म्हणाली, "म्हनून म्या साखर वाटली, ताई."